सीडीची डबी

शाळेच्या कपाटात कवितांच्या सीडी, घरी शिर्डीहून आणलेल्या आरत्यांच्या सीडी अजून सापडतात. वाजवू जावे तर अडखळतात. ह्यात वेष्टनाचा दोष पुष्कळ असतो.

सीडी १९८२ साली जपानात प्रथम विक्रीस आली, ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीतून. ह्या डबीच्या बिजागऱ्या फार नाजूक. हातातून पडली की झाकण निखळलेच. मधले दाते न दाबता तबकडी ओढणारे बहाद्दरही कमी नाहीत! तरी माझा कौल हिलाच. हिच्यात तबकडी फक्त मधल्या भोकापाशी टेकते, बाकीची अधांतरी राहते. आणि डबी मोडलीच तर दुसरी घालता येते.

पुठ्ठ्याचे पाकीट हलके, दिसायलाही छान. पण पारनेर-पाथर्डीकडची उन्हाळी धूळ आत शिरली, की काढता-घालताना तबकडी घासलीच म्हणून समजा. कागदी पाकिटाचेही तेच.

आणखी एक. ध्वनिमुद्रण असते ते छापील बाजूच्या लगेच खाली, वर केवळ लाखेसारखा पातळ थर. चकाकत्या बाजूला मात्र मिलिमीटरभर जाड प्लॅस्टिकचे कवच असते. तेव्हा गुरुजींनी शाळेचे नाव बॉलपेनने तबकडीवर लिहू नये. डबीतल्या कागदावर लिहावे.