बिनतारी दर्शक डोंगलचे मुक्त फर्मवेअर

बिनतारी दर्शक डोंगलचे मुक्त फर्मवेअर : मोबाइल दूरध्वनी किंवा संगणक यांच्या पडद्यावरील दृश्य तारेविना दूरचित्रवाणी संचावर दाखविणाऱ्या छोट्या उपकरणास बिनतारी दर्शक डोंगल म्हणतात. हे उपकरण संचाच्या एचडीएमआय खाचेत बसवितात व त्याला यूएसबी तारेतून ५ व्होल्ट विद्युत् पुरवठा देतात. त्याच्या कायम स्मृतीत उत्पादकाने भरून ठेवलेल्या आज्ञावलींच्या संचाला फर्मवेअर म्हणतात. हा संच काढून त्याच्या जागी लिनक्सवर आधारित असा दुसरा संच बसविता येतो, की ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वाटता येते. अशा संचाला मुक्त फर्मवेअर म्हणतात. डोंगल विकत घेणाऱ्याच्या मालकीचा असला, तरी तो कसा व किती वर्षे चालावा हे ज्याच्या हाती फर्मवेअर असते त्याच्याच हाती राहते. म्हणून या तांत्रिक कामाला ग्राहकाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

इतिहास : फर्मवेअर ही संज्ञा अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये प्रचारात आणली. यंत्राचे प्रत्यक्ष भाग व त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्या मधली पायरी असा तिचा मूळ आशय होता. पुढे उपकरणात कायम वसणारी कोणतीही आज्ञावली तिच्यात समाविष्ट झाली. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स या परिचालन प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला व १९९२ मध्ये तो जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली (जीपीएल) आणला. या परवान्यानुसार, जो लिनक्स असलेले उपकरण विकतो त्याने ग्राहकास त्या गाभ्याची मूळ संहिताही उपलब्ध करून द्यावी लागते.

या अटीचे महत्त्व लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी ५४जी या बिनतारी मार्गकामुळे (राउटरमुळे) प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसून आले. त्याच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ मध्ये उघड झाले व त्या वर्षी मूळ संहिता प्रसिद्ध करण्यात आली. तिच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. मूळ मार्गक कालबाह्य झाला, तरी हा प्रकल्प वाढत जाऊन शेकडो प्रकारच्या उपकरणांपर्यंत पोहोचला. २००४ मध्येच जर्मनीतील म्यूनिक येथील न्यायालयाने जीपीएलच्या अटी बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. दर्शक डोंगलांचा प्रसार त्यानंतरचा आहे. वाय-फाय अलायन्स या संघटनेचे मिराकास्ट हे मानक २०१२ मध्ये आले, तर गूगल कंपनीचा क्रोमकास्ट हा डोंगल २०१३ मध्ये ३५ डॉलर किंमतीस बाजारात आला.

यंत्ररचना : स्वस्त डोंगल हा वस्तुतः एक संपूर्ण संगणक असतो. प्रक्रियक, चित्र-प्रक्रियक, संकुचित चलच्चित्र उलगडणारा विभाग आणि एचडीएमआय संकेत निर्माण करणारा विभाग हे सर्व एकाच चिपेवर असतात. रॉकचिप या चिनी कंपनीची आरके ३०३६ ही या वर्गातील चिप असून तीत एआरएम पद्धतीचे दोन कॉर्टेक्स-ए ७ प्रक्रियक व माली-४०० हा चित्र-प्रक्रियक आहे. याखेरीज मंडलावर कार्यकारी स्मृती, फर्मवेअर साठविणारी फ्लॅश स्मृती व वाय-फायची चिप एवढेच मुख्य घटक असतात.

चलच्चित्र उलगडणाऱ्या विभागाची आवश्यकता साध्या गणिताने कळते. १,९२० × १,०८० चित्रबिंदूंचे, प्रत्येक बिंदूस २४ बिट असलेले आणि सेकंदास ३० चौकटींचे दृश्य जसेच्या तसे पाठवावयाचे झाल्यास सेकंदास सु. १४९ कोटी बिट पाठवावे लागतील. ८०२.११एन मानकाच्या एका आकाशकाच्या (अँटेनाच्या) वाय-फाय चिपेचा २० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील कमाल वेग सु. ७·२ कोटी बिट एवढाच असतो. म्हणून दूरध्वनी हे दृश्य एच.२६४ पद्धतीने संकुचित करून पाठवितो व डोंगल ते पुन्हा उलगडतो.

आरंभाचे टप्पे : विद्युत् प्रवाह सुरू होताच चिपेतच कोरलेला, बदलता न येणारा एक छोटा कार्यक्रम (बूट रॉम) चालू होतो. तो फ्लॅश स्मृती किंवा स्मृतिपत्र (एसडी कार्ड) यांवर आरंभक कार्यक्रम शोधतो. तो न सापडल्यास रॉकचिपच्या चिपा यूएसबीमार्गे संगणकाकडून कार्यक्रम स्वीकारण्याच्या स्थितीत जातात. या स्थितीस मास्करॉम अवस्था म्हणतात. बूट रॉम पुसला जात नसल्याने फ्लॅशमधील मजकूर बिघडला, तरी असा डोंगल सहसा पुन्हा कार्यक्षम करता येतो.

सुरुवातीस चिपेवरील केवळ काही किलोबाइट अंतर्गत स्मृती उपलब्ध असते. यू-बूट या मुक्त आरंभकाचा पहिला, लहान भाग तेवढ्यात मावतो आणि मुख्य कार्यकारी स्मृती सुरू करतो. त्यानंतर उरलेला यू-बूट व शेवटी लिनक्सचा गाभा स्मृतीत आणला जातो.

निर्मितीप्रक्रिया : प्रथम उपकरण उघडून चिपांवरील क्रमांक वाचतात व मंडलावरील अनुक्रमी दुव्याच्या (यूएआरटीच्या) जोडबिंदूंचा शोध घेतात. या दुव्यावरून आरंभाच्या वेळचे संदेश संगणकावर वाचता येतात. मंडलावरील विद्युत् दाब जुळणारा जोडक वापरला नाही, तर चिप जळण्याचा संभव असतो. कोणताही बदल करण्यापूर्वी फ्लॅश स्मृतीची संपूर्ण प्रत काढून ठेवणे आवश्यक असते, कारण वाय-फायचा पत्ता यांसारखी प्रत्येक उपकरणाची स्वतंत्र माहिती बऱ्याचदा तीत असते.

यानंतर उपकरणवृक्ष (डिव्हाइस ट्री) लिहितात. कोणता घटक कोणत्या पत्त्यावर आहे, कोणत्या टाचणीने वाय-फाय चिपेस वीज मिळते, कोणता दिवा कोठे जोडला आहे इ. माहिती या मजकुरात असते. एकाच चिपेवर बेतलेल्या दोन डोंगलांत फरक असतो तो मुख्यतः येथेच. एआरएमसाठीचा आंतर-संकलक, गाभा व लागणाऱ्या आज्ञावली एकत्र बांधण्यासाठी बिल्डरूट हे साधन वापरतात. नेहमीच्या संगणकावर बांधलेली प्रतिमा प्रथम स्मृतिपत्रावरून किंवा यूएसबीवरून चालवून पाहतात आणि ती स्थिर ठरल्यावरच फ्लॅशमध्ये उतरवितात.

मिराकास्टसाठी दूरध्वनी व डोंगल वाय-फाय डायरेक्ट पद्धतीने, मधल्या मार्गकाशिवाय, एकमेकांस जोडले जातात. आरटीएसपी या संकेतानुसार दोघांमध्ये दृश्याचा आकार व पद्धत ठरते आणि मग एमपीईजी वाहतूक प्रवाहाच्या रूपात चित्र व ध्वनी येऊ लागतात. लिनक्सवर ही जोडणी करणारा मिराकलकास्ट हा मुक्त प्रकल्प २०१४ मध्ये जाहीर झाला.

अडचणी : मूळ संहिता मिळाली म्हणजे सर्व काही मिळाले, असे नाही. जीपीएल गाभ्याला लागू होतो. उत्पादकाने त्यावर स्वतंत्रपणे चालविलेले कार्यक्रम त्याच्या कक्षेत येतातच असे नाही. वाय-फाय चिपेच्या आतील फर्मवेअर बहुधा बंदिस्तच राहते. माली-४०० साठी पूर्वी उत्पादकाचा बंदिस्त चालक कार्यक्रमच वापरावा लागे. लिमा हा मुक्त चालक २०१९ मध्ये लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आला. चलच्चित्र उलगडण्यासाठी हांत्रो चालक उपलब्ध झाला आहे. वाय-फायचा मुक्त चालक असला, तरी वाय-फाय डायरेक्ट त्यात अंतर्भूत नसेल, तर मिराकास्ट चालत नाही. काही चिपा उत्पादकाची अंकीय स्वाक्षरी असल्याखेरीज आरंभकच स्वीकारत नाहीत. क्रोमकास्टमध्ये अशी योजना होती. तिच्यातील एक त्रुटी २०१३ मध्ये विक्री सुरू झाल्यावर काही दिवसांतच उघड झाली आणि कंपनीने फर्मवेअर बदलून ती बंद केली. २००७ मधील जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत ग्राहकोपयोगी उपकरणांवरील अशा अडवणुकीविरुद्ध तरतूद आहे. तथापि लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला.

महत्त्व : डोंगलचे यंत्रभाग सहसा लवकर झिजत नाहीत, तो निरुपयोगी होतो तो बहुधा आज्ञावलीमुळे. अँड्रॉइड ६·० (२०१५) पासून गूगलने मूळ प्रणालीतून मिराकास्टचा आधार काढून घेतला. काही दूरध्वनी-उत्पादकांनी तो आपल्या बाजूने चालू ठेवला. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट ठिकठिकाणी एकाएकी बंद पडले. उपकरणाची ओळख पटविणाऱ्या साखळीतील एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. यंत्रात काहीही बिघडले नव्हते, तरी वापरणाऱ्यास कंपनीकडून दुरुस्ती येण्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. कंपनीने ती काही दिवसांत पुरविली. परंतु ज्या अनामिक स्वस्त डोंगलांच्या उत्पादकाचा ठावठिकाणाही सापडत नाही, त्यांच्या बाबतीत अशी आशा धरता येत नाही. त्यांच्यातील सुरक्षाविषयक त्रुटीही तशाच राहतात व घरातील जाळ्याला त्यांपासून धोका संभवतो.

मुक्त फर्मवेअरमुळे हे परावलंबित्व कमी होते. एका व्यक्तीने लिहिलेला उपकरणवृक्ष लिनक्सच्या मुख्य गाभ्यात स्वीकारला गेला, तर त्याच मंडलाच्या इतर सर्व डोंगलांना त्याचा लाभ मिळतो. पडद्यासाठी उपयोग राहिला नाही, तरी असा डोंगल सूचनाफलक चालविणारा किंवा ध्वनिमुद्रणे वाजविणारा छोटा संगणक म्हणून वापरता येतो आणि टाकाऊ इलेक्ट्रॉनिकीय साहित्यात तेवढी भर पडत नाही. हे काम वेळखाऊ असून एका डोंगलच्या किंमतीशी तुलना करता ते परवडणारे वाटत नाही. परंतु एकदा केलेले काम सर्वांसाठी खुले राहत असल्याने त्याचे मोल एका उपकरणापुरते मोजता येत नाही.