आधी बसणारा, मग टेबल

घरी ऑफिस थाटायचं म्हटलं की माणूस आधी टेबल-खुर्चीच्या दुकानात जातो. कोकणातल्या जुन्या घरात मात्र पहिली गाठ भिंतीशी पडते. जांभ्याच्या चिऱ्यांची फूटभर जाडीची भिंत उन्हाळ्यात खोली थंड ठेवते, पावसाळ्यात ओल धरते आणि बारा महिने वाय-फाय अडवते. राजापूर तालुक्यात माझ्या ताईचं असं घर आहे. भाचा पुण्याच्या कंपनीत नोकरीला. कंपनीने कायमचं घरून काम मान्य केलं, तेव्हा त्याने बिऱ्हाड हलवून गावच्या घरी यायचं ठरवलं. मे महिन्यात हे काम चाललं होतं आणि मी तिथे होतो, म्हणून ते जवळून पाहता आलं.

जागा निवडण्यातच बराच वेळ गेला. ओटी उजेडाची, पण ओटीवर बसलेला माणूस गावाच्या हिशेबी रिकामाच असतो. पोस्टमन, आंब्याच्या पेट्या न्यायला आलेला टेम्पोवाला, पत्रिका द्यायला आलेले पाहुणे, सगळे आधी त्याच्याशीच बोलणार. माजघरात दुपारीही दिवा लागतो. माळ्यावर मोबाइलची रेंज घरात सर्वांत चांगली, पण मे महिन्यात कौलांखाली दुपारी तिथे बसवत नाही. शेवटी उरली ओटीच्या उत्तरेची कोठीची खोली. पूर्वी तिथे भाताच्या कणग्या असत. एक खिडकी, वर माळ्याच्या फळ्या.

ही उरलेली खोलीच सर्वांत सोयीची ठरली, आणि त्याला कारणं आहेत. उत्तरेच्या खिडकीतून उजेड येतो, पण वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेला झुकतो, तेव्हा खाली उतरलेली वळचण बरंचसं ऊन अडवते. पावसाचा मारा नैऋत्येकडून, त्यामुळे ऐन आषाढातही ही खिडकी उघडी ठेवता येते. कौलांवरचा पावसाचा आवाज माळ्याच्या फळ्यांमुळे दबतो. शेजारच्या पडवीवर पत्रा आहे. तिथे पाऊस सुरू झाला की समोरासमोर बसलेल्यांनाही ओरडून बोलावं लागतं. मीटिंग दूरच राहिली.

सुतारकाका आले ते थेट खोलीत गेले नाहीत. भाच्याने त्यांना मोबाइलवर एका टेबलाचा फोटो दाखवला आणि तीस इंच उंची सांगितली. काकांनी फोटो पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "तो कुणाचा टेबल तो असो. तू बस रे आधी खुर्चीवर." खुर्ची भाच्याने पुण्याहून आणलेली, उंची कमी-जास्त होणारी. काकांनी त्याचे पाय जमिनीवर सपाट टेकवले, मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत खुर्ची खाली घेतली, हात कोपरात काटकोनात वाकवायला लावले आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली. सव्वीस इंच सहा सूत. आठ सुतांचा एक इंच, हे माप आजही सुताराच्या तोंडी आहे. तीस इंची टेबलावर या मुलाला दिवसभर खांदे उचलून टाइप करावं लागलं असतं. खुर्ची उंच केली असती तर पाय अधांतरी. तयार टेबल सरासरी माणसासाठी असतं, आणि तो सरासरी माणूस आमच्या घरात कुणीच नव्हता.

मग उलट दिशेने एकेक माप निघत गेलं. डोळ्यांपासून पडदा हातभर लांब हवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. लॅपटॉपमध्ये कीबोर्ड आणि पडदा एकमेकांना जोडलेले. हात नीट ठेवले तर मान वाकते, मान नीट ठेवली तर हात उचलावे लागतात. म्हणून वेगळा मॉनिटर आला. मॉनिटर आला म्हणून टेबलाची खोली दोन फुटांऐवजी अडीच फूट झाली. त्याच मॉनिटरपुढे मी बसून पाहिलं. माझा चष्मा खाली जवळचा, वर लांबचा. मला तो पडदा चार बोटं खाली लागला. काका हसले. "तुमचा टेबल वेगळा होईल हां," म्हणाले.

लाकूड घरचंच. परसातला फणस काही वर्षांपूर्वी पडला होता, त्याच्या फळ्या माळ्यावर वाळत ठेवलेल्या. रंधा फिरला तसा आतला पिवळा रंग वर आला. तो पुढे तपकिरी होत जातो. जमीन जुनी, उताराची. पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका टोकाला पळाला, म्हणून दोन पाय उरलेल्या दोनपेक्षा जरा आखूड कापले. टेबल भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवलं. पावसात भिंत पाझरते, आणि तीच फट वायरी खाली सोडायला उपयोगी पडते. खिडकी बसणाऱ्याच्या डाव्या हाताला. समोर असती तर डोळे दिपले असते. पाठीमागे असती तर पडद्यावर तिचंच प्रतिबिंब, आणि मीटिंगमध्ये चेहरा काळा. भाच्याची बरीचशी टीम न्यूयॉर्कला. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा. म्हणजे निम्मं काम रात्रीचं. त्यासाठी दिव्याचं तोंड चेहऱ्याकडे न ठेवता चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडे केलं. भिंतीवरून परतलेला उजेड डोळ्यांना सोसवतो.

वायरमन आला तेव्हा खोलीत एकच बोर्ड होता, ओटीवर जुने किटकॅट फ्यूज. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, असं भाचा म्हणाला. वायरमनने लॅपटॉप पाहिलाच नाही. त्याने पिशवीतून शंभर वॉटचा बल्ब लावलेला होल्डर काढला, एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब मिणमिणला. अर्थिंग नावापुरतं होतं. लॅपटॉपच्या अडॅप्टरमधून अगदी थोडा प्रवाह जमिनीत जायचा असतो. त्याला वाट मिळाली नाही की तो हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट शोधतो. जुना खड्डा अंगणाच्या कोपऱ्यात होता, आणि जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो. नवा खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ घेतला, जिथे अळू वाढतं आणि जमीन कायम ओली असते. पहारीने जांभा फोडून पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, पाणी ओतलं. परत बल्ब लावला तेव्हा तो लख्ख पेटला. त्यानंतरच फ्यूजच्या जागी एमसीबी आणि आरसीसीबी बसले.

इन्व्हर्टरचा हिशेब वायरमनने तिथेच पुठ्ठ्यावर मांडला. लॅपटॉप 65 वॉट, मॉनिटर 30, मॉडेम 10, नव्या प्रकारचा पंखा 30, दिवा 10. सगळे मिळून 145. बॅटरी 12 व्होल्टची, 150 अँपिअर-तासांची. गुणाकार केला तर 1800 वॉट-तास. "पण अर्धीच वापरायची," तो म्हणाला, "तळ गाठलात तर बॅटरी लवकर मरते." थोडी वीज इन्व्हर्टरही खातो. हातात उरतात पाचेक तास. जुना पंखा ठेवला असता तर तो एकटाच सत्तरच्या पुढे गेला असता.

फायबर जोडायला आलेला मुलगा विशीतला, पण हात विलक्षण स्थिर. काचेचा तो धागा 125 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, आणि प्रकाश धावतो तो त्याच्याही आतल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. त्याने वरचं आवरण सोललं, स्पिरिटने धागा पुसला, टोक सरळ कापलं आणि दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवली. छोट्या पडद्यावर टोकं समोरासमोर आली, ठिणगी उडाली, सांधा एकजीव झाला. कापलेले काचेचे तुकडे मात्र त्याने एकूण एक चिकटपट्टीवर टिपून घेतले. "पायात गेला तर दिसत पण नाही, काका," तो म्हणाला. मीटरवर उणे 21 आकडा आला. उणे 27 च्या आसपास घसरला की मॉडेम लाल दिवा दाखवायला लागतो.

मॉडेम ओटीवर बसला, कारण खांब त्या बाजूला. मधल्या भिंतीने आपलं काम केलं: ओटीवर उत्तम नेट, कोठीच्या खोलीत रडतखडत. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे हरते. अडीचच्या आसपासची थोडी आत येते. उपाय जुनाच, तार. वाशांवरून लॅन केबल नेली, उंदरांसाठी प्लास्टिकच्या पाइपात घातली. टोकाला आठ बारीक तारा पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी या क्रमाने लावून दाबल्या. मीटिंग तुटायची थांबली.

मात्र घरातली वीज सांभाळली म्हणजे नेट सांभाळलं असं नाही. वाटेतले प्रकाश वाटणारे डबे विजेशिवाय चालतात. पलीकडच्या टोकाच्या यंत्राला मात्र वीज लागते, आणि मधल्या खांबांवर फणसाची फांदी कधीही पडू शकते. म्हणून माळ्यावर, जिथे रेंज येते तिथे, एक जुना मोबाइल दुसऱ्या कंपनीचं सिम घालून ठेवला. टाळेबंदीत इथली मुलं ऑनलाइन तासांसाठी डोंगरावर जाऊन बसत होती. त्या मानाने माळ्याचा जिना जवळ.

खर्चाची वही पाहिली तर भाच्याच्या मूळ यादीतल्या दोन वस्तू, वायर लपवणारी शोभेची पट्टी आणि रंगीत दिवे, आल्याच नाहीत. यादीत नसलेल्या अर्थिंगवर, पाइपवर आणि मजुरीवर पैसे गेले. योग्य जागी गेले. खुर्ची, टेबलाची उंची आणि जमिनीत जाणारी ती तार, या तिन्हींचा माणसाच्या अंगाशी थेट संबंध आहे. बाकीचं नंतर घेता येतं.

आणि असं ऑफिस एकदा मांडून संपत नाही. ताईच्या आगोटीच्या कामांत आता काही कामं वाढली आहेत. लाकडं आणि गोवऱ्या आत घेणं, कौलं चाळणं, मिरच्या-मसाले, याच्या जोडीला मार्चमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी, मेमध्ये खांबाकडच्या फांद्या तोडणं, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की सगळे प्लग काढायचे, हे काम तिने स्वतःकडे घेतलं आहे. मीटिंग चालू असली तरी.