मधल्या वयाचा चष्मा कोण देणार?

चाळिशी ओलांडली की जवळचं अंधुक दिसू लागतं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होतं, जवळ पाहताना त्याला फुगता येत नाही, एवढंच कारण. हा आजार नव्हे. गोळीने किंवा थेंबांनी तो जात नाही, चष्माच लागतो. आणि नेमका हाच चष्मा सरकारी योजनेतून हाती पडलेली माणसं वस्त्यांत फिरताना आम्हाला फार क्वचित भेटतात.

याचं कारण योजनांच्या वाटचालीत आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याचा भर मोतीबिंदूवर राहिला, आणि ते चूक नव्हतं. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीतही पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच निघालं. पुढे शाळकरी मुलांची तपासणी आणि मोफत चष्मे आले. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्याच्या पथकाने वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत यायचं असतं. २०२४ मध्ये राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी ३,००० रुपये बँक खात्यात येतात.

मुलांचं झालं, म्हाताऱ्यांचं झालं. मधली बाई कुठे गेली? शिलाई मशीनवर बसणारी, विड्या वळणारी, भंगार निवडणारी, ४५ वर्षांची. सुईत दोरा ती शेजारच्या पोरीकडून ओवून घेते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असतं, तिची पाळी आली की "तूच वाच गं" म्हणून पुस्तक पुढे सरकवते. लोकांना वाटतं, हिला वाचता येत नाही!

चष्म्याचा मजुरीशी थेट संबंध आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या कामगारांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा मिळाला, त्यांची पानं खुडण्याची क्षमता चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. बांगलादेशातल्या अशाच अभ्यासात, २०२४ मध्ये, चष्मा मिळालेल्यांची कमाई सुमारे एक तृतीयांशाने वाढलेली दिसली.

मग आपण काय करायचं? आशाताई ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते. लोकांना वाटतं तो फक्त शुगर-बीपीचा आहे. त्यात धूसर दिसतं का, वाचायला त्रास होतो का, हेही प्रश्न आहेत. बायका चुलीवरचं सोडून आलेल्या असतात, "सगळं बरं आहे" म्हणून मोकळ्या होतात. तसं करू नका. त्रास असेल तर "हो" सांगा आणि डोळे तपासायला पुढे पाठवायला सांगा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे नंबर काढून मिळतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासणी मोफत आहे. महापालिकेच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही, तिथे केसपेपरचे पैसे द्यावे लागू शकतात. मोफत चष्मा आहे का, हे तिथेच स्पष्ट विचारा. नसला तरी नंबराचा कागद मागून घ्या. तो हातात असला की दुकानात सगळ्यात साधी फ्रेम घेऊनही काम भागतं.

फुटपाथवरच्या चष्म्याबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. त्याने डोळे खराब होत नाहीत, पण दोन्ही काचांचा नंबर सारखाच असतो, आपल्या दोन डोळ्यांचा असेलच असं नाही. शिवाय तपासणी राहून जाते. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. शुगर असलेल्यांनी तर डोळ्याचा पडदा दरवर्षी तपासून घ्यावा.

आणखी एक. शाळेत येणारं ते पथक सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी मुलं खाजगी इंग्रजी शाळेत घातली, त्यांनी डोळे तपासायला स्वतःच न्यायचं आहे. मुलीला चष्मा लागला तर "लग्न कसं जमणार" म्हणून तो कपाटात ठेवू नका. वाढत्या वयात नंबर बदलतो, दरवर्षी पुन्हा तपासून घ्या.