जमीन समुद्रातून वर आली, म्हणजे नक्की काय झालं?



द्रोणागिरीत बसून सृष्टीच्या उत्पत्तीवर बोलायचं, तर आपल्याला फार लांब जायची गरज नाही. करंजाच्या बाजूला डोंगर उभाच आहे. हनुमान संजीवनीसाठी द्रोणागिरी पर्वत उचलून लंकेकडे निघाला, वाटेत त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी इथली कथा. उरणमधल्या शाळकरी पोरालाही ती ठाऊक असते. आता त्याच डोंगराचा दगड एखाद्या भूगर्भशास्त्रज्ञाच्या हातात द्या. तो सांगेल, हा बेसाल्ट आहे, आणि हिमालयातून आलेला नाही, इथलाच आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, त्यातला हा एक.

मग खरं कोणतं धरायचं? मुलं हा प्रश्न विचारतात. आजी एक सांगते, बाई वर्गात दुसरं शिकवतात, परीक्षेत काय लिहायचं? आज आपण या प्रश्नाचं उत्तर शोधू. पण त्याआधी एक गोष्ट ठरवून घेऊ. कथा खरी की खोटी, हा प्रश्न आपण दुसरा विचारायचा. पहिला प्रश्न असा, की ही कथा कशाचं उत्तर देते आहे?

कथा एक, वाचन तीन

आपल्या कोकणची सृष्टीकथा म्हणजे परशुरामाची कथा. परशुरामाने सगळी पृथ्वी जिंकली आणि कश्यपाला दान करून टाकली. दान दिलेल्या जमिनीवर स्वतः कसं राहायचं? म्हणून त्याने सह्याद्रीवरून समुद्राकडे बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि कोकणची पट्टी वर आली. गोव्यात बाणावली गावाचं नाव त्या बाणाशी जोडतात. केरळात हीच कथा आहे, फक्त तिथे बाणाऐवजी परशू फेकला जातो.

ही कथा तीन तऱ्हेने वाचता येते. पहिली तऱ्हा शब्दशः वाचनाची: बाण सुटला, पाणी हटलं, तारीख-वार विचारू नका. दुसरी तऱ्हा कथेत विज्ञान शोधण्याची: बाण वगैरे सोडा, पण समुद्र मागे गेल्याची आठवण त्यात आहे, म्हणजे पूर्वजांना भूगर्भशास्त्र माहीत होतं. तिसरी तऱ्हा रूपकाची: बाण म्हणजे माणसाचा पुरुषार्थ, समुद्र म्हणजे अडचण, वगैरे.

यातली दुसरी तऱ्हा आज सगळ्यात लोकप्रिय आहे, व्हॉट्सअॅपवर तर रोजच. म्हणून तिच्याकडे जरा नीट बघू.

दगड काय सांगतो

समोरच्या किनाऱ्यावर मुंबई बंदर आहे. १८७० च्या दशकात तिथे प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली झाडांचे बुंधे सापडले, बरेचसे खैराचे. ते मुळांसकट जागच्या जागी उभे होते आणि ओहोटीच्या पातळीच्याही खाली. खैर समुद्रात उगवत नाही. म्हणजे एके काळी तिथे कोरडी जमीन होती आणि ती पाण्याखाली गेली. कथेच्या नेमकं उलट.

पण किनाऱ्याने खाली गेलात तर शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा, वाळूचा घट्ट झालेला दगड काही ठिकाणी भरतीच्या रेषेच्या वर दिसतो. त्याला करळ म्हणतात. तिथे समुद्र पूर्वी वर होता आणि नंतर मागे हटला, असा अर्थ निघतो. म्हणजे कथेच्या बाजूने.

आणि मोठं चित्र बघायचं तर, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळला, पाणी चढत गेलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या पातळीच्या आसपास आलं. म्हणजे माणसाने जर काही पाहिलं असेल, तर बहुतांशी समुद्र पुढे येताना पाहिलं.

आता गंमत बघा. करळ सापडला की आपण म्हणतो, बघा, परशुराम खरा. डॉकमधले बुंधे दाखवले की गप्प बसतो. जी कथा मिळेल त्या पुराव्याशी जुळवून घेता येते, ती कोणत्याच पुराव्याने सिद्ध होत नाही. विज्ञानाचं विधान चुकू शकलं पाहिजे. कथेने चुकायचं कधी, हे कोणी ठरवलेलंच नसतं.

दशावताराचंही तसंच. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन, म्हणजे उत्क्रांतीच की! डार्विनचं पुस्तक १८५९ चं. ही जुळणी मांडणारं सुरुवातीचं एक प्रसिद्ध लेखन मादाम ब्लाव्हाट्स्की यांचं, १८७७ चं, म्हणजे डार्विननंतरचं. उत्तर हातात आल्यावर प्रश्नपत्रिका सोडवली, असं हे झालं. शिवाय उत्क्रांती म्हणजे एकावर एक पायऱ्या नव्हेत, ते फांद्या फुटत गेलेलं झाड आहे. सिंह आणि माणूस यांच्या मधला टप्पा नरसिंह, असं कोणताही जीवशास्त्रज्ञ म्हणणार नाही. आणि भक्तालाही ते आवडू नये. प्रल्हादासाठी खांबातून प्रकटलेला देव जीवाश्मांच्या रांगेत उभा केला, यात देवाचा मान वाढला का?

आणखी एक लाडकं उदाहरण. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. किती जवळ! पण ४३२ कोटी ही कल्पाची पूर्ण लांबी आहे, उलटलेला काळ नव्हे. पूजेच्या संकल्पात श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण असा पत्ता आपण सांगतो. त्याप्रमाणे हिशेब केला तर चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षं झाली आहेत. परंपरेचाच हिशेब मानायचा तर तो पूर्ण मानावा. जुळणारा आकडा उचलायचा आणि उरलेला सोडायचा, हा ना श्रद्धेचा मार्ग ना विज्ञानाचा. एवढ्या प्रचंड काळाची कल्पना करण्याची हिंमत मात्र दाद देण्यासारखी आहे, आणि ती दाद द्यायला आकडा जुळायची गरज नाही.

सहा दिवस आणि शनिवार तेली

हा प्रश्न फक्त आपल्या पुराणांचा नाही. बायबलमध्ये देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली. १६५० मध्ये आर्चबिशप अशर यांनी वंशावळींची बेरीज करून निर्मितीचं वर्ष काढलं, इसवी सनापूर्वी ४००४. त्यांच्याही हजारभर वर्षं आधी संत ऑगस्टीन मात्र सांगून गेले होते, की हे दिवस आपल्या रोजच्या दिवसांसारखे समजू नका. म्हणजे धर्माच्या आतही शब्दशः वाचन हे एकमेव वाचन कधी नव्हतं.

आता याच कथेचं आपल्या रायगड जिल्ह्यातलं रूप बघा. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असं बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं, शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद का? तर देवाने सातव्या दिवशी काम थांबवलं म्हणून. ते सहा दिवस चोवीस तासांचे होते की कोट्यवधी वर्षांचे, हा वाद घाण्यापाशी कधी आला नसेल. कथेचा अर्थ तिथे इतकाच होता, की आठवड्यातला एक दिवस काम थांबवायचं. शास्त्रात त्याच दिवशी जनावरालाही विश्रांती सांगितली आहे, म्हणजे घाण्याच्या बैलालासुद्धा.

इथे आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिसायला लागतं. सृष्टीकथा 'कसं झालं' हे सांगत असल्यासारखी वाटते, पण बहुतेक वेळा ती 'कसं राहायचं' हे सांगत असते.

रूपक म्हटलं की सुटलो, असं नाही

मोरा बंदरातून होडीने घारापुरीला जा. मुख्य लेण्यात सुमारे साडेपाच मीटर उंचीची, साधारण सहाव्या शतकातली महेशमूर्ती आहे. बरेच लोक ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणून हात जोडतात. अभ्यासक सांगतात, हे एकाच सदाशिवाचे मुखवटे: मधला शांत, एका बाजूचा उग्र, दुसऱ्या बाजूचा सौम्य स्त्रीरूप. निर्मिती, संहार आणि या दोन्हींना धरून राहिलेली शांतता एकाच देहात. ज्यांनी ती कोरली त्यांना रूपक म्हणजे काय, हे आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. आणि ती कोरली कशात? त्याच बेसाल्टमध्ये. तिथे दगडाचं वय आणि मूर्तीचा अर्थ यांचं भांडण होत नाही. दगडाचं वय मोजावं लागतं, मूर्तीचा अर्थ समजून घ्यावा लागतो.

पण 'रूपक आहे हो' म्हटलं की कथा निरुपद्रवी होते, असंही नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली. त्यात मत्स्य, कच्छ, वराह हे बाहेरून आलेल्या टोळ्यांचे नायक म्हणून त्यांनी वाचले. परशुराम चिरंजीव आहे म्हणता, तर ठरलेल्या मुदतीत हजर व्हा, अशी जाहीर नोटीसच त्यांनी काढली. फुल्यांनी मांडलेला इतिहास आज अभ्यासक जसाच्या तसा स्वीकारत नाहीत. पण त्यांचा प्रश्न अजून उभा आहे: या कथेत जमीन कोणी कोणाला दिली, आणि तिच्यावर आधीपासून राहणाऱ्यांचं काय झालं? पुष्कळशा सृष्टीकथा म्हणजे एक प्रकारचा सातबारा असतो. मालकाचं नाव बघायला नको का?

याचा ताजा पुरावा दुसऱ्या द्रोणागिरीत मिळतो. उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात द्रोणागिरी नावाचं गाव आहे. संजीवनीचा पर्वत मूळचा तिथला, असं ते मानतात. त्या गावात हनुमानाची पूजा करत नाहीत. का? तर तो आमचा डोंगर घेऊन गेला! कथा तीच, हनुमान तोच. ज्यांच्याकडे तुकडा पडला ते हात जोडतात, ज्यांचा डोंगर गेला ते अजून रागावलेले आहेत.

आपल्या पायाखालची सृष्टी

आता इथे, आपल्या पायाखाली येऊ. द्रोणागिरी नोडचा मोठा भाग खाजणं, मिठागरं आणि सखल खारजमिनीवर भराव टाकून उभा आहे. म्हणजे समुद्रातून जमीन वर येण्याची कथा इथे शब्दशः घडली, आणि दोनदा घडली. आधी इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या मातीचे बांध घातले, उघाड्या बसवल्या, खारं पाणी अडवून भात आणि मीठ पिकवलं. नंतर १९७० मध्ये सिडको आली, जमिनी संपादित झाल्या, डंपरने मुरूम आला. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच शेतकरी गोळीबारात गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं.

शंभर वर्षांनी एखादी आजी नातवाला या गावाची उत्पत्ती सांगेल. 'सिडकोने समुद्र हटवला आणि शहर वसवलं' एवढीच ती कथा राहिली, तर बांध घालणारे हात तिच्यातून गळतील. परशुरामाच्या कथेतून असे किती हात गळले असतील, याचा अंदाज यावरून करा.

आणि विज्ञानाचं काय? ते इथे ऐच्छिक नाही. पावसाळ्यात भरती आणि मुसळधार एकाच वेळी आली की पाणी कुठून आत येईल, हे जमिनीची उंची, खारफुटी आणि धारण तलाव ठरवतात. समुद्र एकदा मागे हटला म्हणून कायमचा हटला, असं मानून घर घेणाऱ्याला कोणतंच रूपक वाचवणार नाही. डॉकमधले ते खैराचे बुंधे विसरू नका.

म्हणूनच शाळेत काय शिकवायचं, हा प्रश्न गंभीर आहे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले, की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, डार्विन चुकीचा आहे. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला उत्तर दिलं. 'कोणी पाहिलं' हीच कसोटी लावली तर लाव्हाही कोणी पाहिला नाही आणि बाणही. फरक असा, की लाव्हा मागे दगड ठेवून गेला आणि तो कोणालाही तपासता येतो.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. बाळा, डोंगर कसा झाला असं पेपरात विचारलं, तर लाव्हा लिही, आणि भीत भीत नको, कारणासकट लिही. हा डोंगर आपल्याला कोण लागतो, हे आजीला विचार. आणि आजीची कथा ऐकून झाली की तिला आणखी एक विचार: आजी, या गोष्टीत आपले लोक कुठे होते?

आजी रागावणार नाही. बहुतेक ती दुसरी गोष्ट सुरू करेल, बांधाची, मिठागराची. तीही लिहून ठेव.