थंडीतली मोटार आणि चार हीटर

दिवाळीचे अभ्यंगस्नान ज्यांनी नाशिक जिल्ह्यात केले आहे, त्यांना थंडी म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. आमच्या निफाडचे नाव तर हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून हटकून झळकते. पारा फार उतरला की द्राक्षबागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसतात, माणसे शाली पांघरतात, गुरे गोठ्यात शिरतात. परंतु ज्याच्या अंगणात जुनी डिझेलची मोटार उभी आहे, त्याचे पहाटे काय हाल होतात याविषयी फारसे कुणी लिहीत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या हाती खडू शोभतो, पाना नव्हे, यावर आमच्या घरात एकमत आहे. तेव्हा मला जे जमले ते वाचकांपैकी कुणासही जमेल, अशी खात्री बाळगावी.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. तेथे सारा कारभार दाबावर चालतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक तापते, हा अनुभव प्रत्येकाने लहानपणी घेतलेला असतो. हवा दाबली की तापते, एवढेच त्यातले शास्त्र. इंजिनात ती सुमारे विसाव्या हिश्श्यात दाबली जाते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले.

पण कडाक्याच्या थंडीत सिलिंडरचे लोखंडच एवढे गार असते, की दाबलेल्या हवेची ऊब ते शोषून घेते. जुन्या धर्तीच्या इंजिनांत डिझेल आधी एका लहानशा कोठडीत फवारले जाते, आणि त्या कोठडीच्या भिंतीही गारच असतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक सिलिंडरला एकेक विजेची कांडी बसवलेली असते. पेन्सिलीसारख्या पोलादी नळीत तारेचे वेटोळे, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली. किल्ली फिरवली, की काही सेकंदांत तिचे टोक आठशे अंशांच्या वर तापून लालभडक होते. चालकासमोर वेटोळ्याच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो तो याचसाठी. दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मग इंजिन फिरवावे, असा त्याचा निरोप असतो.

या कांडीला पुस्तकात 'ग्लो प्लग' म्हणतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवणारे मिस्त्री तिला 'हीटर' म्हणतात. मी मनातल्या मनात 'तापशलाका' असा शब्द घडवून पाहिला होता. पण दुकानात जाऊन तो उच्चारला असता, तर दुकानदाराने मला औषधांच्या दुकानाचा रस्ता दाखवला असता. तेव्हा मिस्त्रींचाच शब्द शिरोधार्य!

१९९८ साली पुण्याजवळच्या कारखान्यातून इंडिका बाहेर पडली आणि पुष्कळ मध्यमवर्गीयांच्या दारी डिझेलची लहान मोटार दिसू लागली. तिच्या १४०५ सीसी इंजिनाला चार सिलिंडर, म्हणून हीटरही चार. तशा जुन्या धर्तीच्या इंजिनांचे काम घरी करता येण्याजोगे असते. आमची गाडी याच बिरादरीतली.

आता आमची निकड सांगतो. माझ्या आईचे आठवड्यातून दोनदा नाशिकला डायलिसिस असते, तेही पहाटे सहाच्या पाळीला. पाचपूर्वी घर सोडावे लागते. गेल्या दिवाळीत गाडी पहाटे खोकू लागली. बराच वेळ फिरवल्यावर एकदाची चालू व्हायची. मग पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास आणि दोन मिनिटे सर्वांगाला कापरे. पुढे मात्र अगदी सुरळीत. दुपारी उन्हात तर तक्रारच नाही. बॅटरी नवी होती. लक्षणे हीटरकडे बोट दाखवत होती, आणि गॅरेज भाऊबीजेपर्यंत बंद.

"अहो, चार दिवस थांबलं तर नाही का चालायचं?" सौभाग्यवतींनी विचारले.

"डायलिसिसला दिवाळीची सुट्टी नसते," मी म्हणालो.

आई म्हणाली, "अरे, बसने जाऊ की." पण परतताना तिला धड उभे राहवत नाही, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

मिस्त्रींना गावी फोन लावला. ते म्हणाले, "करा सर, अवघड नाही. फक्त जोर लावू नका. हीटर आत मोडला तर हेड उतरवावं लागेल." साऱ्या कामातले मर्म या एका वाक्यात आहे. वर्षानुवर्षे काजळी आणि गंज खाऊन हीटर आपल्या जागी चिकटून बसलेला असतो. तो मोडला, तर काही तासांचे काम काही दिवसांचे आणि खर्चाचे होते. आणि आमच्या हाती मधला एकच दिवस होता.

आधी किल्ली फिरवून चारी हीटरांना जोडणाऱ्या पट्टीवर तपासणीचा दिवा लावून पाहिला. तो पेटला; म्हणजे वीज तेथवर पोचत होती. मग बॅटरीची ऋण तार सोडली, पट्टी काढली आणि मीटरने एकेका हीटरचा रोध मोजला. दोघांनी एक ओमच्या आसपास आकडा दाखवला. उरलेल्या दोघांत मीटर ढिम्म. आतली तार तुटलेली. असे असले तरी बदलावयाचे ते चारही, कारण एका वयाचे सोबती फार काळ एकमेकांमागे राहत नाहीत.

रात्री प्रत्येकाच्या बुंध्याशी गंज सोडवणारे तेल सोडले. दुसऱ्या दुपारी गाडी चालवून इंजिन गरम केले, ते बंद करून बॅटरीची तार पुन्हा सोडली आणि लांब सॉकेट लावले. पाव फेरा उलटा, अडखळला की किंचित सुलटा, पुन्हा तेल, पुन्हा उलटा. तिसऱ्या हीटरने अर्धा तास घेतला. आई ओट्यावर बसून मुकाट्याने पाहत होती. शेवटी करकर आवाज होऊन तो सुटला, तेव्हा तिनेच आधी सुस्कारा सोडला.

निघालेल्या हीटरचे टोक नीट पाहावे. ते फुगलेले वा वितळलेले असेल, तर डिझेल फवारणारा इंजेक्टरही तपासावा लागतो. आमची टोके नुसती काळवंडली होती. भोकांच्या तोंडाशी जमलेला कचरा आत न पाडता पुसून घेतला. नवे हीटर आधी बोटांनीच फिरवले, म्हणजे आटे चुकत नाहीत. शेवटचा आवळ टॉर्क-पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे. बहुतेक गाड्यांत तो १० ते २५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. चाकाच्या नटांना लागतो सुमारे शंभर. यावरून हात किती हलका हवा ते ध्यानी यावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिवळा दिवा लागला, विझला आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात बोलू लागले. सहाला दहा कमी असताना आम्ही नाशिकला पोचलो होतो.

दोन सूचना आवर्जून करतो. गाडी चालू होत नाही म्हणून हवेच्या तोंडाशी ईथरचा फवारा किंवा पेट्रोलची चिंधी कुणी धरू पाहील, तर त्यास थांबवावे. आत हीटर तापलेला असतो. भडका उडावयास वेळ लागत नाही. आणि गाडी अलीकडची असेल, तर तिच्या हीटरला थेट बॅटरी जोडून पाहू नये. कित्येक नवे हीटर बारा व्होल्टपेक्षा पुष्कळ कमी दाबावर चालतात आणि क्षणात जळून जातात. चिनी मातीच्या जातीचे तर नुसते हातून पडले तरी तडकतात. तेथे मिस्त्रीच हवा.

बाकी, जुन्या गाडीच्या मालकांनी फराळाची आवराआवर झाली, की एक दुपार आणि एक मीटर एवढे भांडवल काढावे. कुणाला पहाटे कोठे पोचणे भाग पडेल हे आधी सांगता येत नाही, आणि मार्गशीर्षाची थंडी तर अजून यावयाचीच आहे.