कॅल्क्युलसच्या पेपरात लेकरू अडले, तर?

दहावीचा निकाल लागला की किनवट, मुखेड, देगलूर, अहमदपूर, निलंगा, औसा या भागांतून मुलामुलींच्या पेट्या आणि गाद्या नांदेड-लातूरच्या एस.टी.वर चढू लागतात. खोली बघितली जाते, मेस लावली जाते, वर्षाची फी सोयाबीनच्या पट्टीतून किंवा सोसायटीच्या कर्जातून उभी राहते. पोर शिकायला गेले म्हणून घरात आनंद असतो. दिवाळीच्या सुट्टीत ते घरी येते तेव्हा मात्र तोंड उतरलेले दिसते. फार खोदून विचारले की एक शब्द बाहेर पडतो, ‘कॅल्क्युलस’. आई-बापाने तो शब्द कधी ऐकलेला नसतो, म्हणून बोलणे तिथेच थांबते.

तेव्हा आधी हे प्रकरण आहे तरी काय ते पाहू. मराठी विश्वकोशात त्याला ‘अवकलन व समाकलन’ असे भारदस्त नाव आहे. मुले डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन म्हणतात. नाव जड असले तरी वस्तू आपल्या शेतातच आहे. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल असे शेततळे घ्या. त्याचे काठ सरळ नसतात, उताराचे असतात. एकास एक उतार धरला तर तळ 24 मीटर बाय 24 मीटरचा भरतो. आता त्यात सेकंदाला 10 लिटर, म्हणजे तासाला 36 घनमीटर पाणी मोटरीने सोडले. तळाशी पाणी तासाला सव्वासहा सेंटिमीटर चढेल, आणि काठाशी येता येता तासाला फक्त 4 सेंटिमीटर. मोटर तीच, पाणी तेवढेच, पण वर रुंदी वाढल्यामुळे पातळी चढण्याचा वेग कमी होत गेला. ‘या क्षणी वेग किती’ हे काढणे म्हणजे डेरिव्हेटिव्ह. आणि तळ्याचे कागदाएवढे पातळ थर कल्पून त्या सगळ्यांची बेरीज करणे म्हणजे इंटिग्रेशन. ती बेरीज 2196 घनमीटर येते. म्हणजे आपली मोटर तळे भरायला बरोबर 61 तास घेईल. आपल्या मुलाला हे गणित घालून पाहा. त्याला ते सुटले तर विषय त्याच्या डोक्यात शिरू लागला असे समजावे.

हा विषय अगदी परका आहे अशातलाही भाग नाही. आपल्या भास्कराचार्यांनी 1150 साली ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला, त्यात ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या क्षणाच्या वेगाचा विचार आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे सापडला. पुढे सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी युरोपात या शास्त्राची पक्की घडी बसवली.

मग हुशार पोर अडते कुठे? गणिताचे मास्तर सांगतात ते एकच सांगतात. चूक डेरिव्हेटिव्हमध्ये क्वचित असते. ती त्याच्या आधीच्या पायरीत, आठवी-नववीच्या बीजगणितात असते. अपूर्णांकांची बेरीज, अवयव पाडणे, घातांकांचे नियम, दहावीची त्रिकोणमिती यांपैकी एखादा सांधा ढिला असतो आणि वरचे सगळे बांधकाम हलते. त्यात मराठी शाळेतून आलेल्या मुलापुढे अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक येते. ‘लिमिट’ ही कल्पना कळत नाही की ते वाक्यच कळत नाही, हे त्याचे त्यालाच उमगत नाही. अशा वेळी बालभारतीचे पुस्तक आणि मराठी समजूत दोन्ही शेजारी ठेवून वाचणे यात कमीपणा काहीच नाही.

अकरावीकडे ‘हे वर्ष काय, बोर्डाचे नाही’ म्हणून काणाडोळा करण्याची मोठी खोड आपल्याकडे आहे. लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशनची सुरुवात अकरावीतच असते. बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागातले इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन त्याच पायावर उभे आहे. सी.ई.टी.तही गणिताच्या 50 प्रश्नांपैकी सुमारे पाचवा हिस्सा अकरावीवर असतो. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर ‘एम-वन’, ‘एम-टू’ म्हणून जे पेपर मुलांची झोप उडवतात, तेही याच वेलीचे.

अडले तर काय करावे, याबद्दल परदेशातली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठात 1970 च्या दशकात युरी ट्राइसमन हे कॅल्क्युलस शिकणाऱ्या मुलांकडे बारकाईने पाहत होते. कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने नापास होत होती. लोक म्हणत, यांना कष्ट नकोत, घरून पाठबळ नाही. ट्राइसमन यांनी पाहिले तो प्रकार निराळाच होता. मुले कष्टाळू होती, आई-बापांची आशाही मोठी होती. पण ती एकेकटी अभ्यास करत. आपले चुकते कुठे हे दाखवायला शेजारी कोणी नसे. याउलट चिनी वंशाची मुले आधी आपापले गणित सोडवून संध्याकाळी एकत्र बसत, उत्तरे ताडून पाहत, एकमेकांना खोदून विचारत. मग ट्राइसमन यांनी अशी मंडळे मुद्दाम बसवली. ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ अशी पाटी लावली नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली. त्या मुलांचे निकाल इतरांच्या बरोबरीला, पुष्कळदा पुढे गेले.

आपल्या खेड्यातून आलेला पोर थेट तसाच वागतो. खोलीचे दार लावून रात्री दोनपर्यंत एकटा झुंजतो, आणि ‘येत नाही’ म्हणायला लाजतो. त्याने चौघांचे मंडळ करावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी बसावे. प्रत्येकाने गणिते आधी स्वतः सोडवून आणावीत, नाहीतर एक लिहितो आणि तिघे उतरवतात असे होते. ज्याला आले त्याने पुस्तक मिटून दुसऱ्याला समजावून सांगावे.

सरांकडे जाण्याचीही एक रीत आहे. ‘सर, मला कॅल्क्युलस समजत नाही’ एवढे म्हटले तर सर तरी काय सांगणार? केलेल्या गणिताचे पान घेऊन जावे, ‘इथपर्यंत आले, या ओळीवर अडले’ असे बोट ठेवून दाखवावे. पाच मिनिटांत काम होते. आणि हे पहिल्या चाचणीनंतर करावे. पीक पिवळे पडू लागले की आपण फवारणीला थांबतो का?

लातूर पॅटर्नचे नाव सगळीकडे झाले. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या कॉलेजांचे नाव त्यात आघाडीवर घेतले जाते. त्याचा गाभा वारंवार चाचण्या आणि भरपूर सराव हा आहे. यातली खरी कमाई मात्र तपासून आलेल्या पेपरात असते. गुण पाहून पेपर पेटीत टाकणारा मुलगा अर्धी फी वाया घालवतो, असे मला वाटते. एक वेगळी वही करावी, चुकलेले प्रत्येक गणित तारीख घालून त्यात पुन्हा सोडवावे, आणि आठवड्याने न बघता परत सोडवावे.

खासगी क्लासबद्दल विचारणारे पालक पुष्कळ असतात. लातुरात तर ‘ट्यूशन एरिया’ म्हणून एक भागच ओळखला जातो. ज्याला पाया पक्का करायचा आहे, त्याला तीनशे मुलांच्या हॉलमध्ये बसवून फारसे हाती लागत नाही. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: वर्गात मुले किती, आणि शंका विचारायला वेगळी वेळ आहे का? फुकट साधनेही कमी नाहीत. बालभारतीची पुस्तके संगणकावर मोफत मिळतात, खान अकॅडमीचे धडे मोबाइलवर पाहता येतात, आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर आहेत. मात्र नुसते पाहून गणित येत नाही. धडा थांबवून पुढची पायरी स्वतः कागदावर लिहावी.

आई-बापांना गणित येत नसले तरी त्यांचे एक काम आहे. फोनवर ‘मार्क किती पडले?’ याऐवजी ‘आज कुठे अडलास, आणि कोणाला विचारलेस?’ असे विचारून पाहावे. शेजारच्याच्या मुलाचे नाव मध्ये काढू नये. पोर जेवत नाही, झोपत नाही, ‘जगून काय उपयोग’ असे बोलू लागले, तर परीक्षा बाजूला ठेवून त्याच दिवशी त्याच्याजवळ जावे. 14416 हा सरकारी टेली-मानस क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतही बोलता येते.

आणि पेपर गेलाच, तर बारावीला त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. पदवीला आणि इंजिनिअरिंगलाही राहिलेला विषय पुन्हा देता येतो. फॉर्म भरण्याची तारीख कॉलेजच्या फलकावर लागते. निकालाच्या आठवड्यात कोणीतरी जाऊन ती टिपून आणावी. तोवर सुट्टीत पोराला शेततळ्याचे गणित पुन्हा घालावे, या वेळी दीडास एक उताराचे.