विश्लेषण : पेंडीतले बुरशीविष जिवाणू रोखतील?

दहिसर चेकनाक्यावर मुंबईत येणाऱ्या दुधाच्या टँकरची अन्न व औषध प्रशासनाने वेळोवेळी तपासणी केली आहे. पाण्याची, युरियाची भेसळ अशा तपासणीत पकडता येते. अफ्लाटॉक्सिन मात्र दुधात कोणी मिसळत नाही. ते जनावराच्या खाद्यातून येते.

कसे येते?
ओल लागलेल्या सरकी वा शेंगदाणा पेंडीवर बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन बी१ तयार होते. जनावराच्या यकृतात त्याचे एम१ बनते व दुधात उतरते. दूध उकळूनही ते जात नाही.

प्रमाण किती?
'एफएसएसएआय'च्या २०१९मधील अहवालानुसार, ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांत एम१ मर्यादेपेक्षा जास्त होते. ही मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

जिवाणू काय करतात?
काही जिवाणू विषाचा रेणू मोडतात. युरोपीय संघाने २००९मध्ये अशा खाद्यपूरकांचा स्वतंत्र गट केला आणि २०१३मध्ये एका जिवाणूला परवानगी दिली. पण ती डुकरांच्या खाद्यातील वेगळ्या बुरशीविषांसाठी होती, अफ्लाटॉक्सिनसाठी नव्हे.

नियम कसा हवा?
कोणते विष, कोणते जनावर आणि विष मोडल्यावर उरते काय, याचा पुरावा दिल्याशिवाय पूरक विकता येऊ नये. तोवर पेंड कोरडी ठेवणे, हाच तबेल्यातला पहिला उपाय.